दूरचित्रवाणी राजकीय वार्ताहर, नाशिक

नाशिक जिल्ह्याचे राजकारण वृत्तवाहिनीसाठी सातत्याने टिपणारा पत्रकार. या पेशाची वाट साधारणतः स्ट्रिंगर (बातमीगणिक मानधन घेणारा अर्धवेळ वार्ताहर), जिल्हा प्रतिनिधी, ब्युरो प्रमुख अशी जाते. पुढे मोजके जण मुंबईत राजकीय संपादक होतात.

उगम : आरंभ कोठे धरावा, याविषयी एकमत नाही. एक मत मुंबई दूरदर्शनच्या स्थापनेपासून (२ ऑक्टोबर १९७२) मोजते. परंतु त्या काळातील बातम्यांचा चेहरा वृत्तनिवेदकाचा. नेत्याला उलट प्रश्न करणे त्याच्या कामात नव्हते. दुसरे मत जुलै २००० मध्ये सुरू झालेल्या ई टीव्ही मराठीकडे जाते, कारण तिच्या प्रतिनिधींमुळे जिल्ह्यातला माणूस बूम (वाहिनीचा माइक) हातात घेऊन पडद्यावर दिसू लागला. तिसरे मत २००७ हे वर्ष मानते. झी २४ तास आणि स्टार माझा (पुढे एबीपी माझा) त्याच वर्षीच्या. यांपैकी दुसरे मत अधिक सयुक्तिक दिसते. २००७ नंतर बातमीची भूक दिवसभराची झाली, एवढेच. नाशिकमधील सुरुवातीचे वार्ताहर बहुधा वृत्तपत्रांतून आले असावेत; दादासाहेब पोतनीसांच्या ‘गावकरी’ या दैनिकापासून शहराला ती परंपरा होतीच.

तंत्र : शिवसेनेच्या १९९४ च्या नाशिक अधिवेशनातील ‘दार उघड बये, दार उघड’ ही हाक राज्यात मुख्यतः छापील बातम्यांतून पोहोचली. पुढे कॅसेट मुंबईला धाडणे, मग ओबी व्हॅन (घटनास्थळावरून उपग्रहाद्वारे थेट प्रक्षेपण करणारी गाडी) आणि अलीकडे बॅकपॅक (पाठीवरचा प्रक्षेपणसंच) असा क्रम लागतो. बॅकपॅकमध्ये निरनिराळ्या मोबाइल कंपन्यांची सिम कार्डे असतात. चित्राचा प्रवाह तुकड्यांत विभागून त्यांतून एकाच वेळी जातो व स्टुडिओत पुन्हा सांधला जातो. एक नेटवर्क गेले तरी लाइव्ह तुटत नाही. मात्र मोठ्या सभेत सगळीच नेटवर्क भरून जातात, आणि तेथे उपग्रहाशी जोडलेली व्हॅनच खात्रीची. चालत्या मोर्चात याउलट : तेथे बॅकपॅकच सोयीचा. किसान सभेचा लाँग मार्च ६ मार्च २०१८ रोजी नाशिकच्या सीबीएस चौकातून निघून १२ मार्चला मुंबईच्या आझाद मैदानावर पोहोचला. सुमारे १८० किमी चालून आलेल्या शेतकऱ्यांचे सोललेले तळवे देशभर दिसले.

कार्यक्षेत्र : महापालिका, येवला, मालेगाव आणि लासलगावची कांद्याची बाजार समिती हे नेहमीचे टप्पे. महापालिकेत सत्तेचे वारे झपाट्याने फिरते : २०१२ मध्ये १२२ पैकी ४० जागा घेणारी मनसे २०१७ मध्ये मागे पडली आणि भाजपला ६६ मिळाल्या. कांद्याच्या लिलावाची बातमी येथे शेतीच्या पानावर फार काळ राहत नाही; ती राजकारणाची होते. डिसेंबर २०२३ ची कांद्याची निर्यातबंदी ४ मे २०२४ रोजी उठली, लोकसभेचे मतदान २० मेला झाले, आणि जिल्ह्यातील दिंडोरी मतदारसंघात तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार यांचा भास्कर भगरे यांनी पराभव केला. निकालाचे कारण केवळ कांदा, असे मानणे धाडसाचे ठरेल. तरीही लासलगावचा भाव तोंडपाठ नसलेला वार्ताहर या जिल्ह्यात टिकत नाही.