जुन्या ऑफिस पीसीत कुठलंही ग्राफिक्स कार्ड चालतं का?

'ऑफिसचा जुना डेस्कटॉप घ्या, कुठलंही ग्राफिक्स कार्ड बसवा, गेमिंग पीसी तयार' हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. यातलं अर्धं खरं आहे. प्रोसेसर बऱ्याचदा कामाचा असतो. अडतं ते विजेपाशी. मदरबोर्डवरचा पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट (ज्यात कार्ड बसतं ती खाच) कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्याहून भुकेल्या कार्डाला पॉवर सप्लायमधून ६ किंवा ८ पिनची वेगळी वायर लागते आणि ऑफिसच्या मशीनमध्ये ती सहसा नसतेच.

म्हणून कार्ड घेण्याआधी बाजूचं झाकण उघडा, ती वायर शोधा, पॉवर सप्लायचं लेबल वाचा. अरुंद कॅबिनेटमध्ये लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं कार्डच बसतं. साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) वायरीला ६ पिन जोडणारं अ‍ॅडॉप्टर मात्र कृपया टाळा: साटा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॅटच पेलतो, कार्ड तिथून ७५ मागू शकतं आणि प्लास्टिक वितळतं.