नाजूक कागदावरील रक्ताचे ठसे: नमुना सोपवण्यापूर्वी हे वाचावे

रक्ताळलेल्या बोटाचा ठसा पातळ कागदावर उमटतो, तेव्हा ठसा आणि कागद हे दोन्ही पुरावाच असतात, आणि एक वाचवताना दुसरा गमावून चालत नाही. म्हणून आपला नमुना प्रयोगशाळेत आल्यावर आम्ही लगेच रसायनाकडे वळत नाही. आधी मोजपट्टीसह छायाचित्रे घेतली जातात. रक्त ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा प्रकाश सर्वाधिक शोषून घेते. त्यामुळे फिकट कागद त्या प्रकाशात उजळ राहतो आणि फिक्या रक्ताच्या रेषाही त्यावर गडद दिसू लागतात. काही वेळा एवढ्यावरच ठशाची तुलना करता येते आणि कागदाला काहीही लावावे लागत नाही. ही पायरी घाईत वगळणे आम्हांला मान्य नाही.

दाबून लिहिल्याने कागदावर उमटलेल्या खुणांची तपासणी आणि डीएनएसाठी नमुना घेणे ही कामेही कागद ओला होण्यापूर्वीच उरकावी लागतात. डीएनएचा नमुना, तसेच रक्त आहे की नाही याची प्राथमिक चाचणी, डागाच्या रेषा नसलेल्या भागातूनच केली जाते.

त्यानंतर डीएफओ (डायअझाफ्लुओरेनोन) आणि निनहायड्रिन ही ठसे दृश्यमान करणारी रसायने वापरली जातात, आणि तीही याच क्रमाने. निनहायड्रिन १९१० मध्ये रसायनशास्त्रज्ञ रुहेमान यांनी तयार केले आणि १९५४ मध्ये ते ठशांसाठी सुचवले गेले. ही दोन्ही रसायने घामातील अमिनो आम्लांप्रमाणेच रक्तातील प्रथिनांशीही अभिक्रिया करतात आणि शाई न पसरवणाऱ्या विद्रावकातून देता येतात, म्हणून कागदासाठी आम्ही त्यांना पसंती देतो. डीएफओसाठी मात्र सुमारे १०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. उष्णतेने छापल्या जाणाऱ्या पावत्यांचा कागद अशा तापमानात काळा पडतो, त्यामुळे नमुना तशा कागदाचा असल्यास कृपया आधीच कळवावे.

अमिडो ब्लॅक हे प्रथिनांना गडद निळा-काळा रंग देणारे रंजक सर्वांत शेवटी येते. त्यापूर्वी रक्त २ टक्के सल्फोसॅलिसिलिक आम्लात किमान ५ मिनिटे स्थिर करावे लागते. तसे न केल्यास रक्त पाण्यात विरघळते आणि रेषा एकमेकींत मिसळून जातात. रंजकाच्या एका प्रचलित द्रावणात १ लिटरमागे २५० मिलिलिटर इथेनॉल, ५० मिलिलिटर असेटिक आम्ल आणि ७०० मिलिलिटर पाणी असते. मिथेनॉलच्या जुन्या द्रावणापेक्षा ते कमी घातक आहे, परंतु त्यातील पाणी हाच पातळ कागदाचा खरा शत्रू ठरतो: तंतू सैल होतात, पाण्यात विरघळणारी शाई वाहते आणि कागद स्वतःही रंग शोषून घेतो. यासाठी कागद जाळीच्या आधारावर ठेवून, हाताने न उचलता, रंग फिका होईपर्यंत धुतला जातो. तरीही पार्श्वभूमी पूर्ण पांढरी होईलच असे आम्ही सांगत नाही. शिवाय अमिडो ब्लॅकने रंग चढला म्हणजे रक्त सिद्ध झाले असे नाही, कारण ते इतर प्रथिनांनाही रंगवते. आमच्या अहवालात ही मर्यादा स्पष्ट लिहिलेली असते.

आपल्याकडून अपेक्षा थोड्याच आहेत. हातमोजे घालावेत. ओला कागद सामान्य तापमानात, उष्णता न देता, पूर्ण सुकू द्यावा आणि घडी न घालता कागदी पाकिटात ठेवावा. प्लॅस्टिकमध्ये ओल अडकून बुरशी येते. ठसा चिकटपट्टीने उचलू नये, तसेच सुपरग्लूची वाफ देऊ नये, कारण नंतरच्या रक्त-रंजकांना तिचा अडथळा होतो. पाकिटावरील माहिती मात्र नमुना आत ठेवण्यापूर्वीच लिहावी, म्हणजे लेखणीचा दाब आतील कागदावर उमटणार नाही.