अंगणातील लाकडी सामानाची निगा (कोकण किनारा)

अंगण, खळे, पडवी आणि माड-पोफळीच्या वाडीत उघड्यावर किंवा अर्ध्या छपराखाली राहणारे बाक, खुर्च्या, टेबले व झोपाळे ऊन, पाऊस, खारा वारा आणि कीड यांपासून जपण्याची पद्धत. पूर्वी कोकणातल्या घरांत लाकडी सामान बहुतेक आडोशालाच असे. झोपाळा ओटीवर, बाक पडवीत, आणि अंगणात मांडव असला तरी तो पावसापूर्वी उतरवला जाई. अलिबाग, दिवेआगर, गुहागर, मालवण या पट्ट्यात पर्यटकांची वर्दळ वाढली तशी वाडीत बाक-टेबले मांडण्याची रीत पसरली, आणि घरातले लाकूड बाहेर आले. निगेचा प्रश्न मुख्यतः तिथून सुरू होतो.

किनाऱ्यावर वर्षाला साधारण २,५०० ते ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर बराच काळ टिकला की कुजवणाऱ्या बुरशीला वाव मिळतो. एखादी सर येऊन गेली आणि लाकूड वाळले तर फारसे बिघडत नाही. नुकसान होते ते न वाळण्याने. पायांचे तळ, फळ्यांमधल्या फटी, सांध्यांच्या खाचा अशा पाणी धरून ठेवणाऱ्या जागा आधी जातात. आडव्या कापलेल्या टोकाकडून लाकूड पाणी फार वेगाने शोषते, म्हणून मातीत टेकलेला पाय वरून धडधाकट दिसत असतानाच खालून पोकळ होतो.

खाऱ्या हवेचा मारा लाकडापेक्षा लोखंडावर जास्त. पृष्ठभागावर बसलेले मीठ हवेतली ओल ओढते, खिळे गंजतात आणि तो गंज लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी मिळून काळे डाग पाडतो. खिळ्याभोवतीचे लाकूडही हळूहळू मऊ पडते. म्हणून पितळी स्क्रू, ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील किंवा जुन्या सुतारांच्या लाकडी खुंट्या वापराव्यात. थोडे पैसे वाचवण्यासाठी साधे खिळे ठोकलेला सागाचा बाक पाहून खरोखर वाईट वाटते. लाकूड शाबूत असते, सांधे मात्र गेलेले असतात.

बाहेरच्या कामाला साग सर्वांत भरवशाचा, पण फक्त गाभ्याचा. सागाच्या बाहेरच्या पांढुरक्या थराला कीड सहज लागते. गाभ्यातल्या टेक्टोक्विनोनसारख्या द्रव्यांमुळे वाळवी त्यापासून दूर राहते. फणसाचा पिवळा गाभाही टिकाऊ आहे आणि कोकणात तो हाताशी असतो. ऐन, किंजळ मजबूत आहेत, मात्र उन्हात तडकतात. आंब्याच्या फळ्या स्वस्त असल्या तरी बाहेर ठेवायच्या नाहीत. बुरशी आणि भुंगेरे दोन्ही त्यांवर तुटून पडतात. किनाऱ्यावर मुबलक असलेले सुरूचे लाकूड वाळताना फार फाटते.

लेपाबाबत गैरसमज पुष्कळ आहेत. चपडा लाखेचे फ्रेंच पॉलिश घरातल्या कपाटासाठी आहे. पाण्याने त्यावर पांढरे चट्टे उठतात. व्हार्निशचा जाड थर सुरुवातीला देखणा दिसतो, पण एका जागी तडा गेला की पाणी आत शिरते आणि त्याच थराखाली अडकते. वापरायचेच तर बाहेरच्या कामासाठीचे, अतिनील किरण अडवणारे घ्यावे आणि तडे दिसताच घासून पुन्हा लावावे. झोपाळ्याला खोबरेल चोळण्याची सवय अनेक घरांत आहे. मात्र खोबरेल हे वाळणारे तेल नव्हे. ते चिकट राहते, धूळ धरते आणि खवट होते. जवसाचे उकळलेले तेल, म्हणजे रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात ते, वाळून लाकडात घट्ट होते. ते टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फडक्याने पातळ हात द्यावा, न मुरलेले तेल पुसून काढावे आणि पूर्ण वाळल्यावरच दुसरा हात द्यावा. जाड लावले तर दमट हवेत त्यावरच बुरशी येते. तेलाची फडकी चोळामोळा करून टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत.

होड्यांच्या लाकडाला काजूच्या टरफलांचे तेल लावण्याची जुनी रीत आहे. ते वाळवीला खरोखर रोखते, पण कच्चे तेल कातडी भाजते. त्यामुळे बसायच्या जागेला ते लावू नये. पायांच्या तळाला चालते, तेही हातमोजे घालून.

खरी वेळ आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची. मे महिन्यात लाकूड कोरडे असते, तेव्हाच तेलपाणी उरकावे. मृग लागण्यापूर्वी सामान पडवीत किंवा गोठ्याच्या कोरड्या कोपऱ्यात न्यावे, भिंतीपासून वीतभर दूर आणि जांभ्याच्या चिऱ्यांवर ठेवावे. हलवता न येणाऱ्या बाकावर ताडपत्री घालायची तर खालून वारा खेळेल अशी. गच्च बांधलेल्या निळ्या प्लास्टिकखाली लाकूड उघड्यापेक्षा लवकर कुजते. वादळाचा इशारा आला की हलके सामान आत घ्यावे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले, म्हणजे आगोट संपायच्या आधीच. माडाखाली तर कोणत्याच ऋतूत बाक ठेवू नये. झाप किंवा नारळ पडून फळी फुटते आणि बसणाऱ्याच्या जिवाला धोका असतो.

पाऊस ओसरल्यावर शेवाळ मऊ ब्रश व साबणाच्या पाण्याने रेषांच्या दिशेने काढावे. जोरदार फवाऱ्याने मऊ तंतू उखडतात. गंजाचे काळे डाग ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने जातात, हातमोजे घालून लावावे आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावे. उन्हाने आलेला राखाडी रंग फक्त वरच्या पापुद्र्यात असतो. साग तसाच राहू दिला तरी चालतो.

माणगा किंवा मेस या बांबूंच्या खुर्च्यांना वेगळी काळजी लागते. त्यांच्यातल्या पिष्टावर भुंगेरे जगतात. काठ्या कापल्यावर काही आठवडे वाहत्या पाण्यात ठेवल्या की पिष्ट कमी होते. बोरॅक्स व बोरिक आम्लाचे द्रावण अधिक खात्रीचे, पण पावसात ते धुऊन जाते, म्हणून अशा खुर्च्या छपराखालीच बऱ्या.

गाडीचे जळके ऑइल फासण्याची पद्धत मात्र बंद व्हायला हवी. वाळवी त्याने दूर राहते, पण त्यात कर्करोगकारक द्रव्ये असतात, ती कपड्यांना आणि कातडीला लागतात, आणि पावसाबरोबर वाडीच्या मातीत, तिथून विहिरीकडे जातात. तांबे-क्रोम-आर्सेनिकने प्रक्रिया केलेल्या हिरवट लाकडाचे तुकडेही न्हाणीच्या चुलीत घालू नयेत. त्यांचा धूर आणि राख दोन्ही विषारी असतात.