‘मर्ज’ : बुडण्याचा शब्द जोडण्याचा कसा झाला

१ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ हैदराबाद भारतीय स्टेट बँकेत गेली, तेव्हा ‘बँक मर्ज झाली’ हे वाक्य मराठवाड्यात गावोगावी ऐकू आले. निजामाच्या राज्यात १९४१ साली स्थापन झालेली ही बँक इथल्या लोकांना ‘हैदराबाद बँक’ म्हणूनच ठाऊक होती. पासबुकातील शिल्लक तीच राहिली, खातेही चालू राहिले. पाटीवरचे नाव मात्र गेले. ‘मर्ज’ या इंग्रजी क्रियापदाचे मर्म नेमके या गेलेल्या नावात आहे, कारण त्याचा मूळ अर्थ एकत्र येणे असा नसून बुडणे असा आहे. (आजार या अर्थाचा जो ‘मर्ज’ आपल्याकडे उर्दूतून कानावर पडतो, त्याच्याशी या शब्दाचे काही नाते नाही.)

लॅटिनमध्ये ‘मेर्गेरे’ म्हणजे पाण्यात बुडवणे, आणि सतराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तोही याच अर्थाने. पाण्याखाली जाणे या अर्थाचा ‘सबमर्ज’ आणि वर येणे या अर्थाचा ‘इमर्ज’ हे त्याचेच सगोत्र शब्द. अचानक वर आलेला प्रसंग म्हणून ‘इमर्जन्सी’ही त्याच कुळातली. भाषाशास्त्रज्ञ या धातूचा संबंध संस्कृतातील ‘मज्ज्’शी जोडतात, म्हणजे आपण रोज वापरतो ते ‘मग्न’ आणि ‘निमग्न’ हे शब्द ‘मर्ज’चे दूरचे भाऊबंद ठरतात. लॅटिनमध्ये बुडी मारणाऱ्या पक्ष्याला ‘मेर्गुस’ म्हणत, संस्कृतात ‘मद्गु’ म्हणत. पैठणच्या नाथसागरावर पाणकावळा बुडी मारताना पाहिला की हा अर्थ डोळ्यांसमोर उभा राहतो: मान वाकवून तो पाण्यात शिरतो, वर उठलेले वर्तुळ पसरून विरते, आणि तिथे पक्षी होता याची खूणही काही क्षण उरत नाही. याच जलाशयाखाली गेलेल्या जमिनींना सरकारी कागदांत ‘बुडीत क्षेत्र’ म्हणतात.

बुडण्याचा अर्थ जोडण्याकडे वळला तो मुख्यतः कायद्याच्या वाटेने. इंग्लंडच्या जमीनविषयक कायद्यात एकाच जमिनीवरचे लहान आणि मोठे असे दोन हक्क एकाच माणसाकडे आले, तर लहान हक्क मोठ्यात बुडाला असे मानत, आणि त्याला ‘मर्जर’ म्हणत. भारतातही १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १११ मध्ये हे तत्त्व आहे: पट्टेदाराचा आणि मालकाचा संपूर्ण मालमत्तेतील हक्क एकाच वेळी, एकाच नात्याने एका व्यक्तीकडे आला की पट्टा संपतो. कंपन्यांच्या व्यवहारात हा शब्द त्यानंतर रुळला.

मराठीने त्यासाठी ‘विलीन’ हा शब्द घेतला, आणि तो फार नेमका आहे. ‘ली’ म्हणजे चिकटणे, विरघळणे. बृहदारण्यक उपनिषदात पाण्यात टाकलेला मिठाचा खडा पाण्यातच विरून जातो असे सांगताना याच धातूचे क्रियापद आले आहे. म्हणूनच तो जपून वापरावा असे मला वाटते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर निजामाची सत्ता भारताच्या सार्वभौमत्वात विरली, तिथे ‘विलीनीकरण’ शोभतेच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मात्र हैदराबाद राज्याची विभागणी होऊन औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, त्या घटनेला मी ‘सामील झाले’ असेच म्हणेन. ते द्वैभाषिक राज्य १ मे १९६० रोजी संपले. मराठवाडा हे नाव त्याच्या आधीही होते आणि नंतरही राहिले.