माजी सैनिकांची घरपट्टी माफी: अर्ज करण्याआधी नमुना 8 बघा

महाराष्ट्रात माजी सैनिकांना घरपट्टी माफ आहे, हे गावात सगळ्यांना ऐकून माहीत असतं. तरी मार्च आला की पावती फाडणारे माजी सैनिक कमी नाहीत. कारण ही माफी आपोआप लागत नाही, ती अर्ज करून मिळवावी लागते. आणि अर्ज अडतो तो बहुतेक वेळा नोकरीच्या कागदांवर नव्हे, घराच्या कागदांवर.

शौर्यपदकधारक आणि त्यांच्या विधवांना सूट आधीपासून होती. 2020 साली बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने माजी सैनिक सन्मान योजना आली आणि सर्व माजी सैनिक, त्यांच्या पत्नी व विधवा यांना मालमत्ता करातून सूट मिळाली. ग्रामपंचायत हद्दीत ती ग्रामविकास विभागाच्या निर्णयाने चालते, नगरपालिका आणि महानगरपालिकांत नगरविकास विभागाच्या. अट एकच, पण पक्की: राज्यात एकच निवासी घर, तेही स्वतः राहतं. गावाकडचं घर आणि नाशिकचा फ्लॅट, दोन्हींवर माफी मिळत नाही. दोन्हीकडे स्वतःच राहत असाल, तर ज्याची पट्टी जास्त, ते घर निवडा. मात्र भाड्याने दिलेलं घर दाखवू नका. खाली दुकान आणि वर राहणं असेल, तर दुकानाची आकारणी व्यापारी म्हणून वेगळी राहते.

'माजी सैनिक' कोणाला म्हणायचं, यावरून गैरसमज फार. भूदल, नौदल किंवा वायुदलातून पेन्शन घेऊन बाहेर पडलेला माणूस यात येतो. सेवेमुळे आलेल्या वैद्यकीय कारणाने पेन्शनसह घरी आलेला येतो. ठरलेली मुदत संपवून ग्रॅच्युइटी घेऊन सुटलेला शॉर्ट सर्व्हिसचा अधिकारीही येतो. पेन्शन मिळण्याआधी स्वतःच्या विनंतीवरून नोकरी सोडली असेल, तर दर्जा मिळत नाही. सीआरपीएफ, बीएसएफ यांचे निवृत्त जवान या व्याख्येत बसत नाहीत. त्यांनी या अर्जावर पैसे आणि हेलपाटे घालवू नयेत.

पहिला मुक्काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. माजी सैनिकाचं किंवा विधवेचं ओळखपत्र तिथून मिळतं, आणि करमाफीसाठी लागणारं प्रमाणपत्रही. जाताना डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीचं पुस्तक), पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार, घराचा उतारा आणि फोटो घेऊन जा. पेन्शन 'स्पर्श' या संरक्षण खात्याच्या पेन्शन पोर्टलवर असेल तर ई-पीपीओ तिथून उतरवून छापून घ्या. दुसऱ्या राज्यात नोंद असलेल्यांनी आधी ती इथल्या जिल्ह्यात बदलून घ्यावी, मगच पुढचं काम हलतं. अर्जाला लागणारा अधिवास दाखला तहसील कार्यालयातून किंवा 'आपले सरकार' पोर्टलवरून काढायचा. त्यासाठी राज्यातल्या वास्तव्याचे पुरावे लागतात. नोकरीची वर्षं बाहेर गेल्यामुळे हे अवघड वाटतं, पण भरतीच्या वेळचा कायमचा पत्ता डिस्चार्ज बुकात असतो. ते पान जरूर जोडा.

आता नमुना 8. हा ग्रामपंचायतीचा कर आकारणीचा उतारा. घर कोणाच्या नावावर, बांधकाम कसलं, किती चौरस फूट, हे त्यात असतं. माफी या उताऱ्यावरच्या नावाला मिळते. हे नाव वडिलांचं किंवा सगळ्या भावांचं मिळून असेल, तर कागद कितीही पक्के असोत, ग्रामपंचायत अडवणार. आणि नियमाने तिची चूकही नसते. वडील हयात नसतील तर आधी वारस नोंद करा. भावांचं एकत्र घर असेल तर वाटणीपत्र किंवा नोंदणीकृत हक्कसोड पत्र करून आपल्या हिश्शाला वेगळा मिळकत क्रमांक घ्या. नुसत्या तोंडी वाटणीवर उतारा फुटत नाही. विधवांच्या अर्जात हेच होतं: उताऱ्यावर अजून पतीचंच नाव असतं. मृत्यू दाखला आणि कुटुंब पेन्शनचा पीपीओ जोडून वारस नोंद आधी करून घ्यावी.

नावातला फरक ही दुसरी अडचण. पीपीओवर 'शिंदे एस बी', उताऱ्यावर 'सुरेश भाऊ शिंदे'. अशा फरकाला प्रतिज्ञापत्र पुरतं. पत्नीचं नाव सेवा नोंदीत माहेरचं राहिलं असेल, तर ते आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसमधूनच दुरुस्त करून घ्यावं लागतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं ते बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला. याला वेळ लागतो, म्हणून ते हयातीतच करून ठेवा. पुढे विधवेची पेन्शनही याच नोंदीवर चालते.

अर्ज गावात ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (आधीचे ग्रामसेवक), शहरात पालिकेच्या कर विभागात. सोबत सैनिक कल्याणचं प्रमाणपत्र, ओळखपत्र, अधिवास दाखला, नमुना 8 किंवा पालिकेचं कर बिल, आणि एकाच मालमत्तेवर सवलत घेत असल्याचं स्वयंघोषणापत्र. आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय निघू नका. उत्तर आलं नाही, तर याच पोचेवर गटविकास अधिकाऱ्यांकडे किंवा पालिकेत मुख्याधिकाऱ्यांकडे जाता येतं.

अर्ज शक्यतो एप्रिलच्या आत द्या, म्हणजे नव्या वर्षाची मागणी नमुना 9 वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर मागणीच्या नोंदवहीत, चढण्याआधी सूट लागते. मागची थकबाकी मात्र यात माफ झाली असं धरू नका, ती भरूनच अर्ज केलेला बरा. पाणीपट्टी वेगळी, ती भरावीच लागते. शहरातल्या बिलात शिक्षण कर असतो. तो 1962 च्या कायद्याखाली राज्य सरकारचा, पालिका फक्त गोळा करते. म्हणून माफीनंतरही बिलावर रक्कम दिसली, तर भांडण्याआधी कोणत्या रकान्यात आहे ते वाचा. बऱ्याच ठिकाणी दरवर्षी हयातीचा किंवा स्वतः राहत असल्याचा पुरावा मागतात. तो चुकला की पुढच्या वर्षी पूर्ण आकारणी येते.

व्यवसाय कराचा प्रश्नही याच ओघात विचारला जातो. 1975 च्या कायद्यातली सूट राज्यात सेवेत असलेल्या सैनिकाला आहे. निवृत्तीनंतर बँकेत किंवा सुरक्षा कंपनीत नोकरी धरली, तर केवळ माजी सैनिक म्हणून तो कर टळत नाही. वयाची 65 वर्षं पूर्ण झाली की मात्र सगळ्यांसारखी सूट मिळते.