सोन्याचा क्रूस (भाषण, १८९६)

विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी ९ जुलै १८९६ रोजी शिकागो येथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात केलेले भाषण. दुसऱ्याच दिवशी, मतदानाच्या पाचव्या फेरीत, नेब्रास्काच्या या ३६ वर्षांच्या माजी काँग्रेस सदस्याला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली.

वाद चलनाचा होता. १८७३ च्या नाणे कायद्याने चांदीचे डॉलर पाडणे थांबले. पुढे शेतमालाचे भाव उतरत गेले आणि तेवढ्याच डॉलरांच्या कर्जफेडीसाठी शेतकऱ्याला अधिक गहू, अधिक कापूस विकावा लागू लागला. जून १८९३ मध्ये मुंबई व कोलकात्याच्या टांकसाळी खासगी चांदीला बंद झाल्या, तेव्हा चांदी आणखी कोसळली. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी, म्हणजे ब्रायन यांच्याच पक्षाच्या नेत्याने, सरकारी चांदीखरेदीचा कायदा रद्द करवला. ब्रायन यांची मागणी होती ती १६ भार चांदीस १ भार सोने या दराने, येईल तेवढ्या चांदीची नाणी पाडून देण्याची; चलन वाढले की भाव चढतील, हा त्यामागचा हेतू. बाजारात मात्र एका भार सोन्याला ३० भार चांदी पडत होती. ३७१.२५ ग्रेन (सुमारे २४ ग्रॅम) शुद्ध चांदीच्या डॉलरमधला धातू त्यामुळे सुमारे ५३ सेंटांचाच ठरे, आणि विरोधकांनी प्रचारभर हाच आकडा उगाळला.

भाषणात या हिशेबाला जवळजवळ जागाच नाही. ब्रायन यांनी आधी ‘व्यावसायिक’ कोण, हेच बदलले: मजुरीवर राबणारा, गावातला वकील, शेतकरी, खाणकामगार हे सगळे व्यावसायिकच. मग शहरे जाळली तरी ती पुन्हा उभी राहतील, पण शेती बुडाली तर प्रत्येक शहराच्या रस्त्यांवर गवत उगवेल, हा इशारा. आणि शेवटी, मानवजातीला सोन्याच्या क्रूसावर, म्हणजे केवळ सोन्यावर आधारलेल्या चलनापायी, चढवू देणार नाही, ही घोषणा. हे सारे आयत्या वेळी सुचलेले नव्हते. क्रूसाची प्रतिमा त्यांनी काँग्रेसमध्ये आधीच वापरून पाहिली होती, आणि वादात शेवटी बोलण्याची संधीही साधली. ध्वनिक्षेपक नसताना सभागृहाच्या टोकापर्यंत पोहोचणारा आवाज ही त्यांची खरी मिळकत.

प्रचारात त्यांनी रेल्वेने सुमारे १८,००० मैल फिरून ६०० च्या आसपास भाषणे केली. रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार विल्यम मॅकिन्ली ओहायोतील कँटनच्या आपल्या ओसरीतूनच बोलले. श्रोते त्यांच्याकडे रेल्वेने येत. त्यांचे प्रचारप्रमुख मार्क हॅना यांनी मॅकिन्लींसाठी सुमारे ३५ लाख डॉलर उभे केले.

पैसा हे ब्रायन यांच्या पराभवाचे एक कारण, पण एकमेव नव्हे. भाववाढ कर्जदार शेतकऱ्याला सोयीची. कारखान्यातल्या मजुराची रोजी भावांमागून रखडत वाढणार, म्हणून त्याला ती नकोच. क्रूसाच्या प्रतिमेत या शंकेचे उत्तर नव्हते. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, भर उकाड्यात, ब्रायन यांनी लिहून आणलेले भाषण जवळजवळ दोन तास वाचले आणि श्रोते उठून गेले. शरद ऋतूत हिंदुस्थानातील पिके बुडाल्याने गव्हाला भाव आला, तशी शेतकऱ्यांची धारही बोथटली. राष्ट्राध्यक्ष ठरवणारी निर्वाचक मते पडली मॅकिन्लींना २७१, ब्रायन यांना १७६.

पुढे दक्षिण आफ्रिका व कॅनडातील क्लोंडाइकच्या सोन्याने चलन वाढले, भाव चांदीविनाच चढले. तरीही १९०० च्या पक्षाच्या जाहीरनाम्यात १६ ला १ हे कलम ब्रायन यांनी हट्टाने ठेवले, आणि मॅकिन्ली यांच्याकडून ते पुन्हा हरले.