पोलीस शिपाई भरती: जाहिरात येण्याआधी कोणते कागद हातात हवेत

तालुक्याच्या ठिकाणी भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींचे अर्ज भरून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. मैदानात कमी पडून बाहेर गेलेली मुलं पाहिली की वाईट वाटतं, पण ती पुढच्या भरतीला पुन्हा उभी राहतात. मन खरं खातं ते धावण्यात पास झालेलं पोर कागदासाठी परत फिरतं तेव्हा. मागे एक मुलगी आली होती. ८०० मीटर तिने इतक्या आरामात मारले होते की बाकीच्या मुली तिला चालीबद्दल विचारत होत्या. पडताळणीच्या टेबलावर तिचं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र (मागास प्रवर्गातलं कुटुंब सधन गटात मोडत नाही याचा दाखला) उघडलं गेलं आणि समोरच्या हवालदारांचं बोट मुदतीच्या तारखेखाली थांबलं. मुदत कधीच संपली होती. ते प्रमाणपत्र तिने अकरावीच्या प्रवेशाला काढलं होतं आणि त्यानंतर फाइलमधून बाहेर काढून पाहिलंच नव्हतं.

म्हणून ही माहिती लिहितो आहे. भरतीची बातमी आणि भरतीची जाहिरात यांत काही आठवडे, कधी काही महिने जातात. कागदांसाठी तुमच्याकडे खरा वेळ असतो तो तेवढाच.

बातमी कशी वाचायची

१२ ऑगस्ट २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सुमारे १५ हजार पोलीस पदांच्या भरतीला मंजुरी दिली. त्याच रात्री "भरती निघाली" म्हणून संदेश फिरू लागले. प्रत्यक्षात ऑनलाइन अर्ज सुरू झाले २९ ऑक्टोबरला. मधले अडीच महिने कुठे गेले, हे समजून घेतलं तर पुढची भरती कधी येईल याचा अंदाज तुम्हाला स्वतःलाच बांधता येतो.

पोलीस ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, कोणी बढतीवर जातो, कोणी सेवेत असतानाच जातो. अशी रिक्त झालेली पदं प्रत्येक घटक मोजतो. घटक म्हणजे जिल्ह्याचं पोलीस अधीक्षक कार्यालय, शहराचं पोलीस आयुक्तालय, लोहमार्ग पोलीस किंवा राज्य राखीव पोलीस बलाचा गट. मग बिंदुनामावली तयार होते, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे ठरतं. ती विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. एवढं सगळं जुळल्यावर जाहिरात येते. राज्यभराच्या भरतीचं नियोजन अपर पोलीस महासंचालक, प्रशिक्षण व खास पथके यांच्या कार्यालयाकडे असतं, पण मैदान, परीक्षा आणि निवड यादी हे ज्या त्या घटकाचं काम.

यातून घ्यायची गोष्ट एकच: राज्याचा एकूण आकडा तुमच्या कामाचा नाही. तुम्ही ज्या घटकात अर्ज करणार त्या घटकाच्या तक्त्यात तुमच्या प्रवर्गाला आणि समांतर आरक्षणाला (म्हणजे प्रवर्गातच महिला, खेळाडू, प्रकल्पग्रस्त अशांसाठी ठेवलेल्या) किती जागा आहेत, ते पाहा. एखाद्या मोठ्या जिल्ह्यात तुमच्या प्रवर्गाला एकही जागा नसते आणि शेजारच्या छोट्या जिल्ह्यात आठ असतात. मुलं मात्र ओळखीच्या शहराचं नाव पाहून अर्ज करतात.

मला विभागाला एक मनापासून सांगायचं आहे. २०२२ आणि २०२३ या वर्षांत रिक्त झालेल्या १७ हजारांहून जास्त पदांची जाहिरात मार्च २०२४ मध्ये आली. मधल्या काळात कित्येकांचं वय निघून गेलं. पुढे २०२२ आणि २०२३ मध्ये वयोमर्यादा ओलांडलेल्यांना सरकारने एक वेळची संधी दिली, ते योग्यच झालं. पण निवृत्तीची तारीख प्रत्येक पोलिसाच्या सेवापुस्तकात पहिल्या दिवसापासून असते. पुढच्या पाच वर्षांत किती जागा रिकाम्या होणार हे विभागाला आजच मोजता येतं. भरतीचं वार्षिक वेळापत्रक जाहीर केलं तर पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर पळणाऱ्या या मुलांवर मोठे उपकार होतील.

पात्रता

पोलीस शिपाई पदासाठी बारावी उत्तीर्ण किंवा समकक्ष. बँड्समनसाठी, म्हणजे पोलीस वाद्यपथकासाठी, दहावी चालते. वय खुल्या प्रवर्गाला १८ ते २८, मागास प्रवर्गाला ३३ पर्यंत. राज्य राखीव पोलीस बलात सशस्त्र शिपाई व्हायचं तर १८ ते २५, मागास प्रवर्गाला ३० पर्यंत. चालक शिपायाला किमान वय १९ आणि वाहन चालवण्याचा वैध परवाना. परवान्याचा नेमका प्रकार जाहिरातीत दिलेला असतो, तो शब्दशः जुळवून पाहा. प्रकल्पग्रस्त आणि भूकंपग्रस्तांना वयात ४५ पर्यंत सवलत आहे, खेळाडूंना पाच वर्षांची.

उंची पुरुषांना किमान १६५ सेंटीमीटर, महिलांना १५५. राखीव दलात १६८. पुरुषांची छाती न फुगवता ७९ सेंटीमीटर आणि फुगवून त्यात किमान ५ ची भर. उंची अनवाणी मोजतात. अर्ज भरण्याआधी भिंतीला टेकून, टाचा चिकटवून, डोक्यावर पट्टी आडवी धरून दोनदा मोजा. चपला घालून मोजलेली उंची धरून अर्ज भरलेली मुलं मी पाहिली आहेत.

मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सरकारला विचारणा केल्यानंतर तृतीयपंथीयांनाही अर्जाची वाट खुली झाली. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांमधले मराठी भाषक उमेदवारही, रहिवासाचा विहित दाखला जोडून, अर्ज करू शकतात. बेळगाव, निपाणीकडच्या मुलांना हे अनेकदा ठाऊकच नसतं.

अर्ज भरताना

अर्ज ऑनलाइनच, महापोलीसच्या संकेतस्थळावरून दिलेल्या दुव्यावर. गेल्या दोन्ही भरत्यांत शुल्क खुल्या प्रवर्गाला ४५० रुपये आणि मागास प्रवर्गाला ३५० रुपये होतं. एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो. शिपाई, चालक आणि राखीव दल अशा वेगवेगळ्या पदांना वेगवेगळे अर्ज चालतात. पण एकाच पदासाठी दोन जिल्ह्यांत अर्ज केले तर उमेदवारी रद्द होते. दुसरा ईमेल आणि दुसरा मोबाइल वापरून कोणी "होतंय की" म्हणत असेल, तर त्याचं ऐकू नका.

वेगवेगळ्या पदांच्या मैदानी चाचण्या एकाच दिवशी आल्या तर घाबरू नका. २०२४ च्या भरतीत अशा उमेदवारांना किमान चार दिवसांच्या अंतराने दुसरी तारीख देण्याच्या सूचना घटकांना दिल्या होत्या. पहिल्या मैदानावर हजर होतात त्याचा पुरावा मात्र दुसऱ्या घटकाला दाखवावा लागतो.

नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर जसं आहे तसंच अर्जात. आधारवर "सुनीता बाळासाहेब" आणि प्रमाणपत्रावर "सुनिता बाळू" असेल, तर आधी आधार दुरुस्त करून घ्या. लग्न झालेल्या मुलींनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नाव बदलाचं राजपत्र जवळ ठेवावं. आणि प्रवर्गाच्या किंवा समांतर आरक्षणाच्या चौकटीत खूण करण्याआधी स्वतःला विचारा, याचा कागद आज माझ्या घरात आहे का? अर्जात केलेला प्रत्येक दावा पुढे टेबलावर मूळ कागदाने सिद्ध करायचा असतो.

कागद

दहावी आणि बारावीची प्रमाणपत्रं, गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो हे तर सगळ्यांकडे असतं. वय, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला मात्र अनेकांनी काढलेलाच नसतो. उत्पन्नाच्या दाखल्यालाच कोणी अधिवासाचा दाखला समजतं.

मागास प्रवर्गातून अर्ज करणाऱ्यांना जातीचं प्रमाणपत्र लागतंच. जात वैधता प्रमाणपत्र आधीपासून असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल तर जाहिरातीत दिलेल्या मुदतीत जात पडताळणी समितीकडून आणावं लागतं, आणि तिथे जुन्या नोंदी शोधण्यात महिने जातात. या नोंदी ठरावीक तारखेच्या आधीच्या लागतात: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीची, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीची, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीची, इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची. आजोबांच्या, चुलत आजोबांच्या शाळेचं रजिस्टर, तहसीलमधला गाव नमुना १४ (जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही), जुनं खरेदीखत, कुठेही नोंद सापडू शकते. आजोबा हयात असतील तर ते कोणत्या गावच्या शाळेत बसले होते हे आजच विचारून ठेवा. आमच्याकडच्या एका मुलाला नोंद सापडली ती आजोबांच्या मामाच्या गावी, कारण लहानपणी ते तिथे शिकायला होते.

अनुसूचित जाती आणि जमाती सोडून बाकी मागास प्रवर्गांना नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागतं. सामाजिक आणि शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मराठा उमेदवारांनाही लागतं. ते जाहिरातीत सांगितलेल्या कालावधीत वैध असलं पाहिजे. अर्जाची शेवटची तारीख उलटल्यावर काढलेलं प्रमाणपत्र त्या भरतीला बहुधा कामाला येत नाही. खुल्या प्रवर्गातल्या महिला आरक्षणासाठी हे प्रमाणपत्र लागत असे. ४ मे २०२३ च्या शासन निर्णयाने ती अट गेली. जुन्या माहितीवर विसंबून कित्येक मुली अजूनही त्यासाठी हेलपाटे मारतात. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र आर्थिक वर्षापुरतं असतं, तेव्हा ३१ मार्च लक्षात ठेवा.

खेळाडूंनी फार जपावं. नुसतं स्पर्धेचं प्रमाणपत्र पुरत नाही. ते विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळून घेतलेलं हवं, आणि तेही अर्ज करण्याआधी. राष्ट्रीय छात्र सेनेचं 'सी' प्रमाणपत्र असेल तर लेखी परीक्षेत बोनस गुण मिळतात, ते अर्जात नोंदवायला विसरू नका.

लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र नमुना 'अ' मध्ये द्यावं लागतं. हा नियम २००५ चा आहे. २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या मुलामुळे हयात अपत्यांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली तर उमेदवार अपात्र ठरतो. अविवाहित उमेदवारालाही हे प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं.

दाखल्यांसाठी अर्ज केला की पावती सांभाळा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा, २०१५ प्रमाणे दाखला देण्याची मुदत ठरलेली असते. ती उलटली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. दलालाला पैसे देण्याची काही गरज नाही.

मैदान आणि लेखी परीक्षा

२०२२ पासून आधी मैदान, मग लेखी असा क्रम आहे. शिपाई पदासाठी मैदान ५० गुणांचं: पुरुषांना १६०० मीटर धावणे २० गुण, महिलांना ८०० मीटर २० गुण, १०० मीटर १५ आणि गोळाफेक १५. राखीव दलात १०० गुणांचं मैदान, त्यात ५ किलोमीटरच्या धावण्यालाच ५० गुण. चालकांना वाहन चालवण्याची वेगळी चाचणी द्यावी लागते. मैदानात किमान ५० टक्के गुण लागतात आणि त्या त्या प्रवर्गात एका जागेमागे १० उमेदवार लेखीला बोलावले जातात. त्यामुळे २५ गुण मिळाले म्हणजे निभावलं, असं धरू नका.

लेखी परीक्षा १०० गुणांची, ९० मिनिटांची, मराठीतून: अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. त्यात किमान ४० टक्के हवेत.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. २०१४ मध्ये मुंबईच्या भरतीत धावताना उमेदवारांचे जीव गेले होते. रात्रभर प्रवास करून, उपाशीपोटी, कोणी दिलेलं इंजेक्शन घेऊन मैदानात उतरू नका. आदल्या दिवशी पोहोचा, झोपा. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबा आणि डॉक्टरांना हाक मारा.

निवड झाल्यावर

तात्पुरत्या निवड यादीनंतर वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी होते. त्यासाठी साक्षांकन नमुना भरून द्यायचा असतो. त्यात कधी गुन्हा दाखल झाला होता का, अटक झाली होती का, असं स्पष्ट विचारलेलं असतं. गावच्या भांडणात नाव आलं असेल, निर्दोष सुटला असाल, तडजोड झाली असेल, तरी खरं तेच लिहा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सांगितलं आहे की उमेदवाराने दिलेली माहिती खरीच असली पाहिजे आणि दडवलेली माहिती उमेदवारी रद्द होण्याचं कारण ठरू शकते. किरकोळ गुन्ह्याचं स्वरूप पाहून निर्णय घ्यायला विभागाला वाव असतो, पण तो गुन्हा तुम्ही स्वतः कागदावर लिहिलेला असेल तर तुमची बाजू भक्कम राहते. निकालाची प्रमाणित प्रत न्यायालयातून आधीच काढून नमुन्याला जोडा. नाव प्रतीक्षा यादीत असेल तर अर्जातला मोबाइल नंबर बंद करू नका, आणि घटकाच्या संकेतस्थळावरच्या सूचना पाहत राहा.